बाबांचा डबा

गुरुवार, सांजेची वेळ, तिगाव

शेरूच्या मागच्या पायाचं लिगामेंट तुटलं, म्हणून नागपूरले ऑपरेशन करून आणलं. डॉक्टरनं बजावलं होतं, आत धागा टाकला आहे, कुत्रं धावलं तर तुटेल. तवापासून त्याले बांधूनच ठेवून राहिलो.

आज बगिच्यात माकडं आली अन् बाबांनी सवयीनं डबा बडवला. डबा वाजला की शेरू माकडांमागं सुटते. त्यानं खुंटाच उपटला. मी अंगावर पडून धरलं त्याले. पाय टेकवला होता का त्यानं? दिसलंच नाही मले. आता तो पाय उचलूनच धरून राहिला.

बाबा डबा घेऊन तसेच उभे. माकडं संत्री सोलून राहिली होती. मी म्हटलं, "बाबा, माकडं."

त्यांनी डबा कोठीत टाकून झाकण लावलं.

"खाऊ दे त्याइले."