दोन पिक्चर, एक कडवं

८ मार्च, शनिवार

अंबाजोगाईला 'पेटीवाली' बघितला. आत्याला घेऊन. पांढरी निळ्या काठाची साडी, केसांना तेल, जणू कार्यक्रमालाच निघालीय. गेटवर एका पोरीनं गुलाब दिला.

"ह्ये कशाला?"
"महिला दिन हाय आज्जी आज."
"मग उद्या म्या कोन?"

सव्वादोन तास. गोष्ट आत्याची. घाटनांदूरची गायन पार्टी, भीमजयंतीचे कार्यक्रम, पेटी वाजवणारी पहिली बाई. नाव बदललं, ते समजू शकते. पण साडी हिरवी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि स्टेजवर चढण्याआधी बाई देवळात जाऊन डोकं टेकते. आत्याच्या बापानं छप्पन साली घरातले देव टोपल्यात भरून नदीला सोडले होते. दिग्दर्शकाला हे तिनं स्वतः सांगितलं होतं, मी शेजारी बसून ऐकलंय. आत्या अंधारात माझ्या कानाशी : "ही कोण बाई म्हणायची?"

मामा (आत्याचे यजमान) पिक्चरमध्ये दारुडे. पेटी दगडावर आपटतात. खरे मामा ढोलकी वाजवायचे आणि पेटी सायकलच्या कॅरिअरला ट्यूबनं बांधून गावोगाव न्यायचे. जन्मात दारू नाही. पेटीचा भाता उंदरानं खाल्ला. पण उंदराला डायलॉग देता येत नाहीत.

मग गाणं आलं. आत्याचंच, शब्द न शब्द. ती ताठ बसली. पहिलं कडवं, दुसरं कडवं. तिसरं येणार म्हणून तिनं मांडीवर ठेका धरला. आणि सीन तुटला. गाडीचं चाक दिसलं.

"संपलं?"
"संपलं वाटतं."
"संपलं कसं? आजून नाव कुटं आलंय?"

शेवटी पाट्यांमध्ये : गीत – पारंपरिक.
पारंपरिक म्हणजे ज्याचा धनी मेलाय ते. धनीण माझ्या शेजारी बसून चप्पल शोधत होती.

९ मार्च

झोप नीट नाही. राग.

गायन पार्ट्यांचा कायदा साधा होता. दुसऱ्या पार्टीनं गाणं मागितलं की द्यायचं. बदल्यात काही मागायचं नाही. कुणीही कुठंही गावं. फक्त शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव असतं, ते गाळायचं नाही. म्हणून उमापूरच्या पार्टीनं आत्याचं गाणं गायलं तरी लोकांना कळायचं की ही घाटनांदूरची गया. कागद नाही, सही नाही, भांडण नाही. आत्याचं कडवं :

घाटनांदूरची गया सांगते, कुणाची बघता वाट?
काडी आपुली, वात आपुली, आपुलीच पहाट.

ह्याच हिशेबानं तिनं तीन वर्षांमागं दोघांनाही गाणं दिलं. एकाच हिवाळ्यात दोघं आले होते. 'पेटीवाली'वाला कॅमेरा घेऊन, तीन दिवस आमच्या केजच्या घरी जेवला. दुसरा, चष्मेवाला लेखक, नुसता चहा घेऊन गेला, गाणं फोनवर पाठवा म्हणाला. मी म्हटलं होतं, आत्या, दोघं एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत, माहीत आहे का? "कुनी का आसंना. गानंच मागतेत, भाकर न्हाई."

चष्मेवाल्याचा 'माळावरचा सूर' एकवीस तारखेला येतोय. पंधरा दिवसांत तीच बाई दोनदा जन्मणार.

१२ मार्च

कॉलेजची स्टाफरूम. फिजिक्सचे सर : "मॅडम, पेटीवालीत फोटोग्राफी लई भारी. आपला माळ परदेशासारखा दिसतो." म्हटलं, सर, आपला माळ आपल्यासारखा दिसला असता तर तुम्ही तिकीट काढलं असतं का? हसले. त्यांना वाटलं विनोद केला. सदर लिहिणारीचा हा तोटा, चिडले तरी टाळी मिळते.

२२ मार्च, शनिवार

'माळावरचा सूर' बघितला. एकटीनं. आत्या म्हणाली, "तू बगून ये. माजं गुडगं एकाच पिच्चरपुरतं हायेत."

तुलना, आठवेल तशी :

सुरुवात दोन्हींत ड्रोननं, माळ, लाल सूर्य, डोक्यावर पेटी घेतलेली बाई. अरे, पेटी कोण डोक्यावर नेतं? मान मोडंल.

नवरा दोन्हींत दारुडा. पहिल्यात पेटी फोडतो, दुसऱ्यात विकतो. मामांना दोन आठवड्यांत दोनदा दारू पाजली. माणूस हयात असता तर लाजेनं गेला असता.

पहिल्यात बाई देवळात जाते. दुसऱ्यात ती कोण, कुठल्या वस्तीची, सांगतच नाहीत. 'गरीब' आहे. बस. जयंतीचा कार्यक्रम झाला 'गावची जत्रा'. झेंडे पांढरे. निळा रंग बहुतेक दुकानात संपला होता.

आणि गाणं. बाबासाहेबांच्या जयंतीला रचलेलं, आपला दिवा आपण लावा म्हणणारं गाणं. इथं बाईच्या हातातली काडी हिरो पेटवतो. तिच्या डोळ्यांत बघून.

ह्यात तिसरं कडवं आहे. पण असं : 'माळावरची मंजुळा सांगते, कुणाची बघता वाट?' मंजुळा म्हणजे पिक्चरमधली बाई. ती नावाची बाई जगात नाही आणि आत्याच्या जागी बसलीय. ठेका तोच, चाल तीच. खालची ओळ त्यांनी नवी जोडली, त्यात चांदणं वगैरे. पाट्यांत गीतकार म्हणून चष्मेवाला.

एकानं नाव कापलं, दुसऱ्यानं नावाच्या जागी दुसरं शिवलं. कोण जास्त वाईट? गाडीत तासभर हाच विचार.

घरी आत्या : "कसा हाय?"
"तसलाच."
"नाव हाय?"
"नाही."
मंजुळाचं सांगितलं नाही. 

२३ मार्च

सदर एका बैठकीत लिहिलं. मथळा 'दोन शिंपी'. एक कापतो, एक ठिगळ लावतो, कपडा दोघांचा नाही. चांगलं जमलंय. इतकं चांगलं की स्वतःचाच राग आला, आत्याचं नाव गेलं आणि मी उपमा मोजतेय.

पुढच्या रविवारी छापणार.

२५ मार्च

'पेटीवाली'वाल्याला फोन. "ताई, लांबी वाढत होती. एडिटिंगला गेलं. तसं ते कडवं माहितीपर होतं."
माहितीपर. बाईचं नाव म्हणजे माहिती.
"आणि पारंपरिक?"
"ती एक पद्धत असते ताई."
जेवला तेव्हा तीन दिवस 'माय, माय' करत होता.

२८ मार्च

चष्मेवाल्याचा नंबर लागला. मी सुरूच केलं, श्वास न घेता. तो अगदी मऊ आवाजात : "मॅडम, तुम्ही मला दोनच कडवी पाठवली होती. चहाच्या वेळी आज्जींनी तिसऱ्याची पहिलीच ओळ म्हटली होती, म्हणून मी तिसरं मागितलं होतं. तुमचं उत्तर आहे माझ्याकडं."

पाठवलं त्यानं. माझाच मेसेज. माझ्याच नावानं. 'तिसरं कडवं नुसतं नावाचं आहे. त्याची गरज नाही.'

दहादा वाचलं. बदलत नाही.

आठवतं सगळं. परीक्षेचे दिवस होते, ग्रंथालयात माझ्या टेबलापुढं रांग, आत्याची वही मांडीवर. दोन कडवी टाइप केली आणि कंटाळा आला. बारा शब्द राहिले होते. आज मोजले.

पण कंटाळा हे अर्धंच खरं. बाकीचं असं की गाण्यात स्वतःचं नाव घालणं मला मनातून गावठी वाटायचं. कॉलेजात शिकले, पुस्तकांत राहिले, चांगल्या कवितेत कवी दिसू नये असं कुणीतरी डोक्यात घातलं. आणि माझ्या सदरावर माझं नाव छापतात, फोटोसकट. फोटो जुना आहे असं मीच दोनदा कळवलंय.

म्हणजे शिंपी तीन.

आज शुक्रवार. सदर अजून थांबवता येईल.

३० मार्च, रविवार

थांबवलं नाही.

सकाळपासून फोन. 'मॅडम, फाडलंत.' फिजिक्सच्या सरांनी ग्रुपवर टाकलं, आता ग्रुपवर भांडण, कोणता पिक्चर जास्त चोर. एकानं दोघांची बाजू तक्त्यात मांडली. गाणं कुणाचं, हा रकाना त्यात नाही.

आत्यानं शेजारणीकडून वाचून घेतलं. मला म्हणाली, "माज्यासाटी भांडलीस सुमे." डोक्यावरून हात फिरवला.
असं वाटलं की पोळीवर बसलेली माशी मारावी तसं कुणीतरी मला मारावं.

१४ एप्रिल

घाटनांदूर. वस्तीत जयंती. आत्याला पुढं खुर्ची. हार घातला, अध्यक्ष बोलले, "ह्या वस्तीचा आवाज." आत्या पदर सावरत होती.

मग मुलींचा ग्रुप. आठवी-नववीच्या. निळे दुपट्टे, फोनवर ट्रॅक. आत्याचंच गाणं. तिनं माझ्याकडं बघितलं, हरखून. पोरींना येतंय. इतक्या वर्षांनी पुन्हा वस्तीत येतंय.

पहिलं कडवं तिनं त्यांच्याबरोबर ओठांतच म्हटलं. दुसरं मोठ्यानं. तिसऱ्याला तिचा आवाज सगळ्यांत पुढं : "घाटनांदूरची गया..."
माइकवर : "माळावरची मंजुळा..."

दोन नावं एकमेकांवर आपटली. माइक जिंकला. खालची चांदण्याची ओळ आत्याला येतच नव्हती. ती थांबली. तोंड उघडंच.

गाणं झाल्यावर त्यातली एक पोरगी खाली आली, पाया पडली, चांगल्या मनानं म्हणाली, "आज्जी, तुमचं तिसऱ्या कडव्यात चुकलं. पिच्चरमधी मंजुळा हाय."

"आसंल बाई," आत्या म्हणाली. "म्हातारं मानूस. चुकतंय."

परतीला अंबाजोगाईपर्यंत जीप. केजच्या एसटीत बसल्यावर :
"तुला ठावं हुतं?"
"हो."
"पिच्चर बगून आलीस तवापासून?"
"हो."
खिडकीकडं तोंड केलं.

१५ एप्रिल

सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. सगळं. मेसेज वाचून दाखवला. 'त्याची गरज नाही'पर्यंत. तिनं कप बशीत ठेवला.

कपाचा कान फिरवत :
"गावठी वाटलं व्हय."
"तेव्हा वाटलं."
"मामा म्हनायचे, गया, नाव घालू नगं, लोक म्हनतील बाई मिरवती. म्या म्हनलं, बापाला शाळंत नाव नव्हतं, मास्तर जात घिऊनच हाक मारायचा. गान्यात तरी आसू द्या. मंग त्येच म्हनले, ठिव. त्येंनीच ठेका बसवला त्या वळीचा."

मला हे माहीत नव्हतं. पन्नास वर्षं तिची भाची आहे, तीन वर्षांमागं पिक्चरवाल्यांना तिची मुलाखत घडवून दिली, आणि हे विचारलं नव्हतं.

मग कप उचलून आत गेली. जाताना : "तुमी शिकलेली मान्सं. तुमाला जास्त कळतंय."

तुमी. मला न्हाऊमाखू घातलेल्या बाईनं मला तुमी म्हटलं. शिवी दिली असती तर बरं होतं.

१७ एप्रिल

'पेटीवाली'वाल्याचा फोन. सदरामुळं 'चर्चा चांगली झाली', आता आत्याचा सत्कार करायचाय, थिएटरमध्ये, शाल वगैरे. नाव पाट्यांत घालणार का? "बघू, ते आमच्या एकट्याच्या हातात नसतं." चष्मेवाल्यानं लिहिलंय की गीतकार म्हणून नाव बदलणं 'प्रोसेस' आहे, आणि माझा मेसेज जपून ठेवलाय. धमकी देताना पण नम्र.

आत्याला सत्काराचं सांगितलं. "शाल हाय माज्याकडं. सात हायेत. एक त्येलाच द्या."

बोलते माझ्याशी. पण तुमीच.

१८ एप्रिल

नवं सदर पाठवलं. 'तिसरी शिंपीण'. मेसेज जसाच्या तसा. संपादक : "मॅडम, मागच्या वेळी मजा आली होती. हे जरा वैयक्तिक होतंय." म्हटलं, मागच्या वेळीही वैयक्तिकच होतं, फक्त व्यक्ती दुसऱ्या होत्या. बघतो म्हणाले. म्हणजे काय ते मला कळतं.

२० एप्रिल, रविवार

छापलं नाही. त्याच जागी उन्हाळ्यात काय खावं.

दुपारी आत्यानं हाक मारली. नाव न घेता. वही आणि पेन पुढं सरकवलं. तिची बोटं आता अक्षर धरत नाहीत.

"लिवा तुमी. गानं नव्यानं बांदती. एका कडव्यात नाव ठिवलं म्हनून कापलं. आता वळी वळीत घालती. बगू किती कापतेत."

मी लिहायला बसले. ती डोळे मिटून, मांडीवर ठेका :

"काडी गयाची, वात गयाची..."

लिहिलं. पुढची ओळ येईना. पुन्हा ठेका. पुन्हा तीच ओळ, सावकाश. 'गयाची'वर आवाज घोटाळला, जशी दाराची उंची विसरून डोकं आपटावं.

"आदी काय हुतं तिथं?" तिनं विचारलं. तिला माहीत होतं.
"आपुली. काडी आपुली, वात आपुली."
"हां. आपुली म्हनलं की समदी वस्ती यायची त्यात."

पंखा फिरत होता. वहीत 'गयाची'च्या शेजारी मी 'आपुली' लिहिलं, दोन्ही माझ्याच अक्षरात.

"आत्या, आपुली खोडू का?"

तिनं हात पुढं केला, माझ्या हातातलं पेन धरलं, कागदापासून वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"थांबा तुमी. इच्यार करू द्या."