कानपिळीचा मान आणि कलम पंधरा

सात रस्ता, सोलापूर
दि. १६ नोव्हेंबर २०२५
जावक क्र. ११८

श्री. सयाजीराव व सौ. मुक्ताबाई यांस,
गंगाधरचा स. न. वि. वि.

कळविण्यास आनंद होतो की आमची कन्या चि. सौ. कां. अपेक्षा हिचं लग्न चिंचोळी एमआयडीसीत इंजिनियर असलेल्या अनीशशी ठरलं आहे. तारीख १४ डिसेंबर. फोन केला असता, पण एकतीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेल्या माणसाला नोंद नसलेलं बोलणं पचत नाही.

एक मुद्दा आधीच स्पष्ट केलेला बरा. अपेक्षा तुमच्या पोटी जन्मली, पण अकरा महिन्यांची असताना मुक्ताबाईंनी ती थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या दुर्गाच्या ओटीत घातली. दत्तकपत्र रीतसर नोंदवलेलं आहे. दत्तक कायद्याच्या कलम बारानुसार त्या दिवसापासून ती सर्व बाबतींत आमची. सबब तुमचा चि. युवराज हा तिचा सख्खा भाऊ राहिलेला नसून मावसभाऊ आहे. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळण्याचा मान माझा पुतण्या भीमा याला दिला आहे. भीमा स्वभावाने गरीब आहे, कान हळू पिळेल.

तुम्ही मावशी-काका म्हणून अगत्याने यावे. तिसऱ्या रांगेत खुर्च्या राखून ठेवतो.

पत्राची पोच द्यावी. लोभ आहेच, तो नोंदीवर असावा.

आपला,
गंगाधर

*

केम, ता. करमाळा
दि. २० नोव्हेंबर
(मजकूर आईचा, अक्षर युवराजचं)

ती. दाजींस मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. पोरीचं लगीन ठरलं, लई आनंद झाला. तिसरी रांग तर तिसरी रांग, बसू की आमी. पर माज्या पोराचा कान काढून घेऊ नका. (कान माझा न्हाय, नवरदेवाचा. – युवराज)

दाजी, तुमी बारकीला घेऊन निघाला, केम स्टेशनातनं गाडी हलली, तवा ह्यो तीन वर्सांचा. फलाटावर गडाबडा लोळला. मीच त्याला सांगितलं, रडू नगं, तिच्या लग्नात नवऱ्याचा कान तूच पिळायचा. तेवढ्यावर सव्वीस वर्सं गप बसलाय. (गप न्हाय, सराव केलाय. माझा दोस्त धोंडप्पा, त्याचा डावा कान बघा एकदा.)

तुमाला कशाचं भ्या वाटतंय ते मला ठावं हाय. पोरगी आमच्याकडं वळंल म्हणून. मी माज्या हातानं तिला अक्काला दिली. मागारी मागितली न्हाय, मागणार न्हाय. ती मला मावशी म्हणती तवा काळजात कळ येती, पर अक्काला आई म्हणती ते ऐकून बरं बी वाटतं. कायदा तुमच्याकडंच ठेवा. आमाला एक कान द्या.

(दोन्ही पत्रांचे फोटो अपेक्षाला पाठवलेत. तिच्याकडंबी नोंद असावी.)

आमचा जीव सोलापुरात हाय, तुमचा थोडा केमात असू द्या.

मुक्ता

*

पुणे
दि. २४ नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न.

आवक नोंदवून घ्या आणि चष्मा लावून वाचा.

सहावीत मी रुसून दप्तर घेऊन मावशीकडे केमला निघाले होते, आठवतं? तुम्ही मला एसटी स्टँडवरून परत आणलंत आणि शिक्षा म्हणून कलम पंधरा दहा वेळा लिहून घेतलंत. रीतसर झालेलं दत्तक आईवडिलांना रद्द करता येत नाही, आणि मुलालाही ते सोडून जन्माच्या घरी परत जाता येत नाही. तेव्हा तुमचा फार राग आला होता. पण पुढे शाळेत कुणी दत्तक म्हणून चिडवलं की मी मनात पंधरा म्हणायचे आणि धीर यायचा. मी कितीही आगाऊपणा केला तरी तुम्हाला मला परत करता येत नाही.

मग तुम्ही कशाला घाबरता, बाबा? मला परत जाता येत नाही, आणि जायचंही नाही. युवराजनं कान पिळला म्हणून दत्तकपत्र फाटत नाही. मावसभावानं कान पिळू नये असं कलम मला तरी सापडलं नाही. सापडलं तर कळवा. अनीश दोन्ही कान द्यायला तयार आहे, फक्त त्यानं आधी युवराजचं वजन विचारलं.

आणि मावशी तिसऱ्या रांगेत नको, आईच्या शेजारी हवी. आईची संमती आहे. तिला विचारायचं तुम्ही नेहमीप्रमाणे विसरलात.

तुमची, रद्द न होणारी,
अपेक्षा

*

सोलापूर
दि. २८ नोव्हेंबर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. अपेक्षाचं किती वेळा वाचलं ते सांगत नाही. कलम पंधरा मी इतकी वर्षं तुमच्यावर रोखून धरलं, आणि पोरगी त्याच्या आधारानं मोठी झाली. मी भीत होतो, हे खरं आहे. तुझं काळीज मी मोजलंच नाही, याची मला लाज वाटते.

भीमाला उजवा कान ठेवून डावा युवराजला द्यावा, असा विचार होता. पण मान काढून घेतोय म्हटल्यावर भीमा इतका खूश झाला की दोन्ही कान युवराजलाच दिले. धोंडप्पालाही आणा, त्याचा कान मला बघायचा आहे. तू दुर्गाच्या शेजारी बसायचं. दुर्गा म्हणते, तिसऱ्या रांगेतल्या खुर्च्या वाया जायला नकोत, तुम्हीच बसा.

सवयीनं हे पत्र नोंदवायला रजिस्टर उघडलं, ११९ आकडा लिहिला, आणि खोडला. घरातल्या घरात दिलेलं पत्र जावक होत नाही.

तुझा दाजी,
गंगाधर