माझी अडुसष्टची नाडी

३ मार्च
दुकानाच्या शोकेसमधलं नाडी मोजणारं मनगटी घड्याळ आजपासून माझ्या हातात. मालकांना म्हटलं, विकणाऱ्याने स्वतः वापरून बघायला हवं. ते हं म्हणाले. म्हणजे होकारच. जिना चढताना मला धाप लागते म्हणून डॉक्टरकडे चला, असं बायकोने टुमणं लावलंय. आता पुराव्यानिशी बोलेन.

४ मार्च, सकाळ
जिना चढलो. धाप: बरीच. नाडी: ६८. बायकोला दाखवली. आकडा बघून ती स्वयंपाकघरात निघून गेली. पटलं असणार.

७ मार्च
दिवसभर गिऱ्हाइकांना समजावलं. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा उजेड कातडीत शिरतो, रक्त त्यातला बराचसा गिळतं. ठोका पडला की तिथे रक्त जास्त, परत येणारा उजेड कमी. हा चढउतार मोजला की झाली नाडी! एकाने विचारलं, तुमच्या घड्याळाचा दिवा का दिसत नाही? सांगितलं, रक्त कसदार असलं की सगळा उजेड पिऊन टाकतं. गिऱ्हाईक काही न घेता गेलं. लोकांना सायन्स नकोच असतं.

९ मार्च
दुपारी डुलकी: ६८. मालकांनी झापलं तेव्हा: ६८. एवढा संयम माझ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं.

१२ मार्च
मेहुण्याच्या हाताला बांधून बघितलं. ६८! त्याचं पोट बघता आश्चर्यच. संगतीचा परिणाम.

१५ मार्च
संकल्प: उद्या मेहुण्याबरोबर टेकडी. बायको म्हणाली, आधी डॉक्टर, मला भीती वाटते हो. वाईट वाटलं. पण आकडा तो आकडा.

१६ मार्च, रविवार
अर्ध्या टेकडीवर छातीवर कोणीतरी बसल्यासारखं झालं. घड्याळ बघितलं: ६८. मेहुण्याने माझ्या मानेला बोटं लावली आणि त्याचाच चेहरा उतरला. मी घड्याळ पुढे केलं. त्याने शिवी दिली आणि मला धरून खाली आणलं.

तोच दिवस, हॉस्पिटल
बोटाला चिमटा, आत लाल उजेड: १४१. ठोके वेडेवाकडे. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर मेहुण्याला आणि धावत आलेल्या बायकोला म्हणाले. मला नाही.
संध्याकाळी दुकानातला रिपेअरवाला भेटायला आला. घड्याळ उलटं करून म्हणाला, हे तर डेमोवर आहे, सेन्सर बंद. टेबलाच्या पायाला बांधलं तरी अडुसष्टच दाखवेल. बायको हसली, मग रडायला लागली. मग मीही.
नर्सने फॉर्मसाठी माझा व्यवसाय विचारला. मी विक्री म्हटलं.
कसली, ते बायकोने सांगितलं.