मुशीत टाकणारा हात

अण्णा, मागच्या खेपेला तुम्हाला लिहिताना माझी एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. हिरव्या साडीतल्या त्या बाईबद्दल मी लिहिलं होतं की तिचा हात थरथरला, म्हणून तुम्ही तिच्या बांगड्या न वितळवता परत दिल्या आणि ती घरी गेली. वर्गातल्या मुलींनाही मी ही गोष्ट अशीच सांगत आले, आणि दर वेळी तिथंच थांबत आले. परवा आईला सांगितली, तर भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आगं, दुसऱ्या दिशी ती परत आली की. तू खाली खेळत हुतीस." म्हणजे बांगड्या वितळल्या, आणि तुम्हीच वितळवल्या. तेव्हापासून माझा सगळा हिशेब चुकला आहे. का, ते पुढे सांगते.

आटपाडीकडची माणसं जुनं सोनं गाळायला कुठे कुठे जाऊन राहिली, तसे तुम्ही केरळात. दिवाळीच्या सुट्टीत आई मला घेऊन तुमच्याकडे यायची. माडीवरचं ते एका खोलीचं दुकान, अरुंद लाकडी जिना, वर भट्टी, तेजाबाचा नाकात चढणारा वास. मी मुशीत डोकवायला गेले की तुम्ही ओरडायचात, "मागं सर. तुज्या छातीत ही वाफ जायाला नगं." स्वतःच्या छातीचं मात्र तुम्ही कधी बोलला नाहीत. मी आठवीत असताना ती छातीच तुम्हाला घेऊन गेली.

अमेरिकेतल्या बँका बुडाल्या ते वर्ष होतं. हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मला फक्त जिना कळत होता. एरवी त्यावर चपलांचे दोन-चार जोड असायचे, त्या दिवाळीत पाय ठेवायला जागा नव्हती. आखातातली कामं थांबली होती, माणसं परत येत होती, आणि त्यांच्या बायका हातरुमालात काहीतरी बांधून वर चढत होत्या. तुम्ही मला म्हणालात, "जगात कुठंबी काय बिघडलं की ते पेपरात यायच्या आदी ह्या जिन्यावर येतं. चपला बघत जा." अर्थशास्त्राचा माझा पहिला तास तोच. पुढे मोठमोठी पुस्तकं वाचली, पण अजूनही परदेशातली बातमी वाचताना मला आधी पायऱ्यांवरच्या चपला दिसतात.

तुमच्या दुकानाची एक रीत होती. डाग, म्हणजे गाळायला आलेला दागिना, तुम्ही स्वतः मुशीत कधी टाकला नाहीत. वजन करायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, आणि मूस पुढे सरकवायची. ज्याचा डाग त्यानं आपल्या हातानं टाकायचा. मग मूस भट्टीत. ती बाई माझ्या डोळ्यांसमोर अजून बसली आहे. बांगड्या मुशीवर धरते, हात थरथरतो, सोडवत नाही. खोलीत फक्त भात्याचा आवाज. तुम्ही तिच्या भाषेत तिला काहीतरी सांगता, मूस बाजूला ठेवता, ती बांगड्या घेऊन उतरते. गावाकडून आलेले तुमचे भागीदार, माझे चुलते, हसून म्हणतात, "आण्णा, आपला जिना उतारलेलं गिऱ्हाईक शेजारचा जिना चढतंय." आणि तुम्ही म्हणता, "चढू दे की. तिच्या हाताला एक रात लागती, तेवडी दिली."

आता माझं सांगते. मी विट्याला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, तासिका तत्त्वावर. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की नाही. आपल्या घरात पहिल्यांदा कुणाला लोक मॅडम म्हणतात, आणि त्या मॅडमना दर जूनला धास्ती असते की यंदा बोलावतील की नाही. मागच्या आठवड्यात वर्गात सोन्याच्या भावाचा विषय निघाला. मी सांगत होते की देशांचा एकमेकांच्या चलनावरचा विश्वास कमी झालाय. भांडण झालं की बाहेर ठेवलेला आपला पैसा दुसरा अडवून ठेवू शकतो, हे त्यांनी पाहिलंय. आज हा कर वाढवतो, उद्या तो, कुठे लढाई सुरूच. म्हणून मोठमोठे देशही सोनं घेऊन ठेवतायत. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मंजे देशबी आमच्या आज्जीवानी पिठाच्या डब्यात ठेवत्यात व्हय?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. याहून बरं उत्तर मला देता आलं नसतं.

त्याच भावानं आमच्या घरात आता पेच टाकला आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका संस्थेत कायम जागा निघाली आहे. मुलाखत चांगली झाली. नंतर तिथल्या एका गृहस्थांनी चहा पाजला आणि अगदी मायेनं सांगितलं की इमारत निधीला हातभार लावावा लागेल, सगळेच लावतात. आकडा ऐकून मी तशीच घरी आले. आईनं दोन दिवसांत माझ्याकडून तो काढून घेतला. सोन्याचा भाव तिला माझ्याइतकाच ठाऊक असतो. ती कपाटाकडे गेली आणि तुम्ही स्वतः गाळलेल्या सोन्याच्या तिच्या पाटल्या घेऊन आली. पूर्वी त्यांत हे भागलं नसतं. आता भागतं.

मी म्हणाले, ही लाच आहे. ती म्हणाली, मग एकदाची त्यांच्या तोंडावर मार आणि मोकळी हो, पगारातनं पाटल्या पुन्हा होतील. मी म्हणाले, माझ्यापेक्षा जास्त गुण असलेली एखादी घरी बसेल. ती पदरानं पाटल्या पुसत राहिली. मग मी तुमची रीत पुढे केली. हिरव्या साडीतल्या बाईची गोष्ट सांगितली. मला वाटलं, पाटल्या मुशीवर धरेल तेव्हा तिचाही हात थरथरेल, आणि गाळणारा तुमच्या तालमीतला असेल तर म्हणेल, मावशी, घरी जावा. तेव्हा तिनं मला गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. आणि वर म्हणाली, "माजा हात न्हाई थरथरायचा. तुज्या बापानं ह्या कशापायी केल्या, मला म्हाईत हाय."

खरंच थरथरणार नाही, अण्णा. म्हणून तुमची रीत माझ्या उपयोगाची राहिली नाही. तुम्ही त्या बाईचं सोनं वाचवलं नव्हतंत. तिला एक रात्र दिलीत, आणि ठरवणं तिच्याच हातात ठेवलंत. इथे डाग आईचा आहे, पण नोकरी माझी आहे. मुशीवर धरलेला हात खरा माझा आहे, आणि थरथरतोय तोच.

येत्या सोमवारी ती पाटल्या घेऊन विट्याला जाणार आहे. चुलत्यांची आता तिथं भट्टी आहे, त्यांना तिनं निरोपही धाडला. त्याआधी मला त्या गृहस्थांना नाही म्हणायचं आहे, आणि समोर जाऊन म्हणायचं आहे, कारण फोनवर मी "बघते" म्हणेन. मला मी ओळखते.

हे पत्र मागच्यासारखंच वहीत राहील. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी आईलाही सांगितलेली नाही. ती जागा मला हवी आहे, फार हवी आहे. गेले आठ दिवस मी उठल्या उठल्या मोबाइलवर सोन्याचा भाव पाहते. कुठेतरी तह व्हावा, लढाई थांबावी, भाव पडावा असं मनात येतं. मी किती भली आहे असं वाटायला लागतं. आणि मग कळतं की भाव पडला तर पाटल्यांत भागणार नाही, आणि मला नाही म्हणावंच लागणार नाही, एवढ्यासाठीच मला जगात शांतता हवी आहे. आजही भाव चढलाच आहे.

शनिवारी सकाळचं कॉलेज असतं. बाराला तास संपतो. या शनिवारी तिथून घरी न येता मी साताऱ्याची एसटी पकडणार आहे.