ताईच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर

३ ऑक्टोबर, सकाळी ७
आजपासून रोज दोन तास कोडिंग. ताईच्या दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट एकतीस तारखेला नोकरी सोडतेय. त्या जागेसाठी एक बाई विचारायला आल्या होत्या. मी ताईला ठणकावून सांगितलं, पगारी माणूस कशाला? अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर मी लिहितो, ओपन सोर्स, फुकटात. ताईने त्या बाईंना नाही म्हणून कळवलं. विश्वास म्हणतात तो हा.

५ ऑक्टोबर
प्रोग्रॅम विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालला पाहिजे. बायको म्हणाली, ताईंकडे एकच कॉम्प्युटर आहे, तोही विंडोजचा. दूरदृष्टी शिकवून येत नाही.

९ ऑक्टोबर
लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्रॅम करून देणारा कंपायलर इन्स्टॉल केला. कमांड दिली की म्हणतो, कंपायलर सापडत नाही. अरे, तिथेच तर बसलायस! पाथ, म्हणजे त्याचा कॉम्प्युटरमधला पत्ता, मीच चुकीचा दिला होता. चार दिवस गेले, पण पाया पक्का झाला.

१४ ऑक्टोबर
विंडो आणि बटणं पुरवणारी लायब्ररी कंपाइल करायला लावली. साडेतीन तास. उगाच मध्ये हात लागायला नको म्हणून झोपलो. अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर एरर, तीनशे ओळींचा. पहिली ओळ वाचली. बाकीच्यांचा मथितार्थ लक्षात आला.

२१ ऑक्टोबर
विंडो उघडली! कोरी, पण स्वतःची. बायकोला हाक मारून दाखवली. तिने विचारलं, नाव कुठे लिहायचं? आधी दाढेचा आयकॉन तर होऊ दे. दोन दिवस तोच काढतोय.

२९ ऑक्टोबर
ताईचा फोन. होतंय ना, नाहीतर त्या बाईंना परत विचारते. जरा चिडलोच. म्हटलं, नव्वद टक्के झालंय. उरलंय फक्त तारीख, वेळ आणि पेशंटचं नाव.

३१ ऑक्टोबर
रात्रभर बसून तेही घातलं. घरी चालतं. दवाखान्यातला कॉम्प्युटर म्हणे, प्रोग्रॅमला लागणारी एक डीएलएल फाइल इथे नाही. घरून आणली. मग दुसरी नाही. अकरा खेपा झाल्या. शेवटी विंडो उघडली आणि दीड सेकंदात आपोआप मिटली. वेग उत्तम आहे.
त्या बाईंना दुसरीकडे नोकरी लागली. ताईने काउंटरची किल्ली माझ्यासमोर ठेवली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. लाज वाटली.

१ नोव्हेंबर, सकाळी ९, दवाखान्याचं काउंटर
तात्पुरती व्यवस्था म्हणून मी. दुसरी वही सापडली नाही, म्हणून अपॉइंटमेंट याच डायरीत.
९.३० – आजोबा, कवळी.
१०.०० – शेजारच्या काकू, दाढ.
१०.३० – काकूंचे मिस्टर, तीच तक्रार.
११.०० – मी, कोडिंग. (ताईने ते खोडून एका पेशंटचं रूट कॅनल घातलं.)