चार फूट सात इंचांचे दार

मी देवानंद डोमाजी खंडारे, वय अडुसष्ट, धंदा गवंडीकाम आणि मागची पंचवीस वर्षे शिल्पकाम, राहणार तिवसा, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी आई, आणि ती २००९ साली गेली. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मुलगा नागसेन याला द्यावे. घर पाहावे बांधून म्हणतात. मी जन्मभर दुसऱ्यांचीच पाहिली, हे एक स्वतःचे. तो पुण्यात इंजिनीअर आहे. घर नावावर असले म्हणजे चौदा एप्रिलला तरी येईल. बँकेतली ठेव पत्नी सुभद्रा हिची. तिने ती कोणाला न विचारता खर्च करावी.

२. माझी गवंड्याची हत्यारे, म्हणजे करणी, थापी आणि ओळंबा, मुलगी ज्योत्स्ना हिला. आमच्या धंद्यात बाई म्हणजे रेजा, तिने डोक्यावर घमेले वाहायचे. करणी पुरुषाच्या हातात. माझी आई जाईबाई चाळीस वर्षे रेजा होती. तिच्या हाती कोणी करणी दिली नाही. मीही दिली नाही, हे कबूल करतो. ज्योत्स्ना गवंडी आहे आणि तिची भिंत माझ्या भिंतीपेक्षा सरळ असते. तिच्या तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

३. तिवशाबाहेरच्या आमच्या जागेवर फुटक्या फरश्या, निकामी सिमेंट पाइप आणि भंगारातली बेसिने वापरून मी चार बुरुजांचा महाल बांधला. सहा वर्षे लागली. दर एक मे रोजी तिथे दरबार भरतो. मी चोपदाराचा फेटा बांधून दारात उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येक रेजा-मजुराच्या पूर्ण नावाची ललकारी देतो. मुंबईच्या कलादालनातले लोक याला परफॉर्मन्स आर्ट म्हणाले. म्हणोत बापडे. अकोल्यापासून जर्मनीपर्यंतचे पाहुणे येऊन गेले, आणि सगळे वाकून आत गेले, कारण दाराची उंची चार फूट सात इंच आहे.

या दाराबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आले. एकाने ते सत्तेवरचे भाष्य ठरवले. मी मान हलवत राहिलो. नागसेन म्हणतो, हा बाबांचा हट्ट. त्याच्या ओळखीच्या रिसॉर्टवाल्याला लग्नाच्या फोटोंसाठी महाल हवा आहे, पण दार सात फूट करून. मुलाला दोष देत नाही, त्याला खरे माहीत नाही. ते मी आजवर आईशिवाय कोणालाच सांगितले नाही.

१९८१ साली अमरावतीत आम्ही एका बड्या माणसाचा बंगला बांधला. त्याचे नाव लिहून माझा कागद कशाला खराब करू. तीन मजल्यांचा माल आईने डोक्यावर वाहिला. घरभरणीच्या दिवशी ती नवे लुगडे नेसून पुढच्या दाराने आत जाऊ लागली, तर मालकीणबाईंनी तिला मागच्या अंगणात पाठवले. पत्रावळ तिथेच वाढली. आई जेवली. मीही जेवलो, याची लाज मला अजून वाटते.

म्हणून महालाचे दार आईच्या मापाचे केले. तिला भिंतीशी उभी करून पेन्सिलीने खूण केली. पण गवंड्याने करू नये ती चूक झाली, फरशीची जाडी धरायची राहिली. फरशी बसल्यावर तिचे डोके वर टेकू लागले. दारावरचे काँक्रीटचे लिंटल भरून झाले होते, तेव्हा फरशी उखडली आणि जमीन दोन इंच खोल नेली. तिथे पाणी साचते, म्हणून पावसाळ्याआधी नाली साफ करावी.

मग पहिल्या दरबारात सगळ्यांदेखत पहिली ललकारी दिली, "जाईबाई डोमाजी खंडारे येऊन राहिल्या!" आई पदर सारखा करून ताठ मानेने आत गेली. म्हणाली, "देवा, दार लहान झालं ना रे."

मी तिच्या कानाशी म्हटले, "लहान नाही माय, तुह्या मापाचं हाये. आता बाकीच्याइले वाकू दे."

ती आतल्या ओट्यावर बसून कितीतरी वेळ हसत होती. त्यानंतर मला शाली, श्रीफळे, मानपत्रे मिळाली. पण मी खरा मोठा झालो तो त्या दिवशी.

४. सबब महाल ज्योत्स्नाला देत आहे. दार कोणी एक इंच जरी वाढवले, तर तिने घण घेऊन महाल जमीनदोस्त करावा. माझी त्याला आजच परवानगी आहे.

ठिकाण: तिवसा. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५.
सही: देवानंद डोमाजी खंडारे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली:
१. सूर्यभान ठाकरे, निवृत्त मुख्याध्यापक (दरवर्षी याच दारावर डोके आपटतात)
२. नत्थुजी इंगळे, मिस्त्री

वाचल्याबद्दल वारसाची नोंद, त्याच्याच अक्षरात:
बाबा, आजी आत गेली तेव्हा मी होस्टेलला होतो. हे आधी सांगितलं असतं तर दार वाढवायचं मी तुम्हाला विचारलंच नसतं. रिसॉर्टवाल्याला आत्ताच फोन करून नाही म्हटलं. फक्त दाराशेजारी आजीचं पूर्ण नाव लिहू द्या. आपण कोणापुढे वाकतो, ते लोकांना कळलं पाहिजे.
— नागसेन