सतरा नंबरचा फॉर्म

बाई, शाळेच्या फाटकावरचा ‘दहावीचा निकाल शंभर टक्के’ हा तुमचा फलक मी उतरवला. तुम्ही असतात तर मला केबिनमध्ये उभं करून फाडून खाल्लं असतं. तरी उतरवला. आता मुख्याध्यापिकेच्या त्या खुर्चीत मी बसते, आणि भांडुपच्या चढावरच्या या शाळेत तो फलक खरा कसा ठेवला जायचा, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

नववीचा निकाल लागल्यावर तुम्ही माझ्या आईला बोलावलंत. मी गणितात कच्ची. तुम्ही तिच्यासाठी चहा मागवलात आणि गोड आवाजात म्हणालात, “शाळेचा दाखला घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा. बाहेरून दहावीला बसेल, वर्ष वाया जाणार नाही.” मी नापास झाले तर शाळेच्या निकालात ते दिसणार नाही, एवढं मात्र सांगितलं नाहीत. आईने विचारलं, “बाई, सही खंय करू?” चहाला तिने हात लावला नाही. जूनमध्ये माझ्या मैत्रिणी गणवेश घालून शाळेत निघाल्या तेव्हा मी घरच्या कपड्यांत नळावर उभी होते.

आणि त्याच जूनमध्ये तुम्ही मला तुमच्या घरी बोलावलंत. वर्षभर गणित शिकवलंत, एक पैसा न घेता. तुम्ही पोळ्या लाटताय, मी ओट्याशी पाटावर वही घेऊन बसलेय. “बाजू बदलली की चिन्ह बदलतं, कितीदा सांगू गं?” म्हणत तुम्ही लाटण्याने वही ठोकताय आणि समीकरणावर पीठ सांडतंय. मी पास झाले ती त्या ओट्यापाशी. शाळेच्या सत्काराला मात्र मला बोलावलं नाहीत, कारण शाळेच्या यादीत मी नव्हतेच. पेढा घरी दिलात. मी तो खाल्ला, बाई, आणि अजून रागावलेली आहे. जे तुम्हाला स्वयंपाकघरात जमलं, ते वर्गात का नाही जमलं?

गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी अशीच गणितात अडली. संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, रिस्क कशाला घेता? सतरा नंबर भरून टाका ना.” मी म्हटलं, “ती माझ्या शाळेतून बसेल. पडली तर माझ्या शाळेतून पडेल.” वर्षभर शाळा सुटल्यावर तिला तिच्याच वर्गात, तिच्याच बाकावर बसवून शिकवलं. यंदा ती गणितात नापास झाली. सेक्रेटरींनी लेखी खुलासा मागितलाय, माझी खुर्ची जाणार असं स्टाफरूममध्ये बोलतात. खुलाशात मी एकच ओळ लिहिली: यंदाचा निकाल खरा आहे. जायची तर जाऊ दे खुर्ची. ती मुलगी पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला गणवेश घालून आली, आणि तो फॉर्म तिने शाळेतूनच भरला.

तुमच्या घरात आता दुसरेच लोक राहतात, तेव्हा हे पत्र कुठे टाकणार? आणि तुम्ही असतात तरी मी टाकलं नसतं. यंदाचा निकाल दुपारी एक वाजता लागला. ती मुलगी माझ्या टेबलाशी उभी होती, सीट नंबरचा कागद हातात धरून. मी कॉम्प्युटरवर आधी शाळेचा टक्का उघडला. तिचा नंबर त्यानंतर टाकला.